झाडू जिच्या हातात, तिला विचारून फरशी

काका, आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातले. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडं वरातीची घोडी आहेत, सध्या लहानमोठी पाच जनावरं. मिस्टर आता पोरांना रायडिंगही शिकवतात. जुना तबेला पाडून नवं शेड उभं केलंय. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठाणं आणि मधे १० फूट रुंद, ४० फूट लांब पॅसेज. पत्रा चढला, पण पॅसेजला खाली काय घालायचं यावर महिनाभर घरात वाद चाललाय. सासरे म्हणतात माती ती माती, घोड्याचे पाय मातीवरच टिकतात. मिस्टरांना मोबाईलवर बघितलेल्या परदेशी तबेल्यासारखं सगळीकडं रबर पाहिजे. काँट्रॅक्टर म्हणतो ट्रिमिक्सचं गुळगुळीत काँक्रीट करून देतो, आरशासारखं. दीर फौंड्रीत आहेत, ते म्हणतात जळकी वाळू फुकट मिळते, तीच अंथरा. आमची जमीन काळी. पावसाळ्यात अंगणात घोटाभर पाणी साचतं. रोज लीद काढून पॅसेज झाडते मी. काय करावं?
— एक सूनबाई

ताई,

चार पुरुषांची चार मतं तुम्ही सविस्तर लिहिलीत आणि स्वतःचं एका ओळीत उरकलंत. माझ्या दृष्टीनं पत्रातली कामाची ओळ तीच. पॅसेज हा तबेल्यातला असा भाग आहे की घोडं त्यावरून दिवसातनं चार-सहा वेळा जातं, आणि झाडणारा माणूस दोन-दोन तास त्यावर असतो. तेव्हा निकाल लावताना तुमची कंबर आणि तुमचा खराटा दोन्ही मोजायचे.

आधी उत्तर देतो, कारणं मागनं. पॅसेजला खरबरीत काँक्रीट. ठाणांत मुरूम-मातीच राहू द्या. जिथं घोडं बांधून खरारा करता, नालबंद बसतो, तेवढ्याच जागी रबर. ट्रिमिक्सचा आरसा नको. फौंड्रीची वाळू तर शेडच्या आसपाससुद्धा नको.

आरसा का नको, ते मला फार लहानपणी कळलं. आमच्या वडिलांनी तबेल्यात शहाबादी घातली होती. घराचं काम झालं, फरशी उरली, म्हणून घातली. आपल्याकडं निम्मे निर्णय असेच होतात. उन्हाळाभर काही झालं नाही. श्रावणात एका सकाळी राणी नावाची आमची घोडी बाहेर यायला निघाली. दारातनं पाऊस आत आलेला, त्यावर लिदीचा पातळ लेप. वडिलांनी शीळ घातली, तिनं मान वळवली आणि वळणावर मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. लोखंडी नाल दगडावरनं घसरतो तेव्हा एक आवाज येतो, पाटीवर खिळा ओढावा तसा. तो एकदा ऐकला की विसरत नाही. ती पडली, उठली, पण मांडीच्या आतला स्नायू ताणला गेला होता. चार महिने वरातीला जुंपली नाही, तो सगळा सीझन घरात बसून गेला. पाय बरा झाला तरी मनातनं भीती गेली नाही. दारात आली की थांबायची, मान खाली घालून फरशीचा वास घ्यायची, मग एकेक पाय टाकायची. मागनं ढकललं तर अंगावर यायची.

वडिलांनी शेवटी गल्लीत पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या बाईंना बोलावलं. दोन दिवस बसून त्यांनी चालायच्या पट्ट्यातल्या सगळ्या फरशांना पाट्यासारखी टाकी लावून दिली. घोडी घसरायची थांबली. तुमच्या ओळखीत कुणाच्या तबेल्यात जुनी गुळगुळीत फरशी असेल, तर उखडायच्या आधी हा इलाज सांगा. हल्ली टाकीवाल्या बाई मिळत नसतील, तर ग्राइंडरनं दोन-दोन इंचांवर खाचा पाडून घेतल्या तरी भागतं.

तुमच्या काँट्रॅक्टरचा राग धरू नका. त्याची बरीचशी कामं शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली असणार. कारखान्यात ट्रॉली सरकली पाहिजे, तेल पुसता आलं पाहिजे, तिथं ट्रिमिक्स झकास. काँक्रीटमधलं जादा पाणी व्हॅक्यूमनं ओढून घेतात, त्यामुळं ते घट्ट आणि टणक होतं. हा भाग आपल्यालाही चालेल. नंतर पंख्यासारखं पात्याचं मशीन फिरवून जी चकाकी आणतात ती नको. त्याला एवढंच सांगा, "पाणी ओढ, पण पंखा फिरवू नकोस." तो तोंड वाकडं करील, कारण चकाकी हीच त्याची सही असते. आणि चकाकीमुळं नुसतं घसरतंच असं नाही, पुढच्या दारातनं उजेड आला की ओली चकचकीत फरशी घोड्याला पाण्यासारखी दिसते, आणि अनोळखी पाण्यात पाय टाकायला घोडं सहसा राजी नसतं.

दीरांच्या वाळूचं. फुकटचं आहे म्हणून उद्यमनगरपासून खेड्यापर्यंत लोक ती भरावाला ओढतात. पण साच्यात वापरून झालेल्या त्या वाळूत बारीक सिलिका, बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. वाळली की ती उडते. तुम्ही रोज झाडणार म्हणजे पहिली तुमच्या छातीत, मग घोड्याच्या. शिवाय त्यात ओतकामाचे लोखंडी तुकडे, टोकदार सालपटं निघतात. घोड्याच्या तळव्यात एक बारीक सालपट घुसलं, आत पू धरला, की चार दिवस जनावर तीन पायांवर उभं. दीरांना मोडता न घालता दुसरं काम द्या: मुरूम ठोकून बसवायला दोन लोखंडी मुठी असलेली वजनदार धुमस करून आणायला सांगा. ती लागणार आहे.

सासऱ्यांचं म्हणणं मात्र खोडून काढू नका, ते निम्मं बरोबर आहे. माती पायाला मऊ असते, सांध्यांना हिसका बसत नाही, घसरत नाही, थंडीत गार पडत नाही. घोडं दिवसातले पंधरा-सोळा तास ठाणात उभं असतं, तेव्हा ठाणात माती हे अगदी रास्त. पॅसेजमध्ये तीच माती का नको? तिथं सगळी जनावरं एकाच पट्ट्यातनं जातात. नालानं माती उकरते, ठाणांच्या तोंडाशी खळगे पडतात, खळग्यात मूत साचतं, पावसाळ्यात चिखल आणि मार्चपासून धूळ. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. उभ्या माणसाला त्याचा वास उशिरा येतो. एकदा सकाळी दार उघडल्यावर पॅसेजमध्ये उकिडवं बसून श्वास घेऊन बघा. डोळे चुरचुरले तर समजा, बसलेल्या घोड्यानं रात्रभर तेच ओढलंय. ओल्या घाणीत खूर राहिला तर तळव्याच्या खाचा काळ्या पडून कुजतात, ते वेगळंच. म्हणून मामांजींना सांगा, ठाणं तुमच्या मनासारखी, पॅसेज सूनबाईच्या.

मिस्टरांचं रबर. रबर वाईट नाही, पण ४०० चौरस फूट रबर म्हणजे पैसाही तेवढा आणि कामही तेवढंच. तबेल्याला लागते तशी पाऊण इंच जाडीची, चार बाय सहा फुटांची एक मॅट साधारण ४५ किलोची भरते. खाली मूत झिरपतं, ते काढायला मॅट उचलावी लागते आणि ती एकट्या बाईनं उचलायची वस्तू नव्हे. त्यांना विचारा, दर पंधरवड्याला सगळ्या मॅट उचलून धुवायचं काम कोण करणार? उत्तर ऐकून मग ठरवा. दोनच मॅट घ्या, आणि त्याही घोडं बांधायच्या कड्यांखाली. तिथं जनावर अर्धाअर्धा तास उभं असतं, नालबंद खूर तासत असतो, तिथं रबराचा खरा उपयोग. मात्र गाई-म्हशींच्या गोठ्यासाठी मिळणारी पातळ, मऊ मॅट आणू नका. आपल्या जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा, त्यामुळं ती गावोगाव मिळते, पण नालाखाली महिन्या-दोन महिन्यांत तिचे तुकडे पडतात. मॅट बसवायची तेवढी जागा काँक्रीट ओततानाच पाऊण इंच खोल ठेवा, म्हणजे मॅटची कड फरशीबरोबर येईल. वर आलेल्या कडेत नालाचं टोक अडकतं आणि माणसाची चप्पलही.

पेव्हर ब्लॉकचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारणारच. माझ्या मनात तो दुसरा नंबर. पकड चांगली, आणि काळी जमीन खालीवर झाली तर तेवढा भाग उचलून परत बसवता येतो, जे काँक्रीटला जमत नाही. घ्यायचेच तर ८० मिलिमीटर जाडीचे. अडचण सांध्यांची आहे: लीद आणि चंदीचा कोंडा सांध्यांत बसतो, खराटा प्रत्येक सांध्यावर अडखळतो. उभ्या विटेचं बोलूच नका. मूत पिते आणि पावसाळ्यात शेवाळ धरते.

आता जिथं खरा पैसा घालायचा ते सांगतो. वर दिसणाऱ्या फरशीपेक्षा खालच्या काळ्या मातीवर तुमचं सगळं अवलंबून आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तुमच्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडत असतील. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर दोन पावसाळ्यांत ते नकाशासारखं तडकणार, मग कितीही जाड ओता. पॅसेजमधली काळी माती दीड-दोन फूट काढून टाका. ती वाया जात नाही, उसाच्या रानात टाका. खड्ड्यात मुरूम भरायचा, पण एकदम नाही. सहा इंच थर, पाणी, धुमस. परत सहा इंच, पाणी, धुमस. टाच जोरात मारली तरी वळ उमटू नये इतका घट्ट. एक फुटाच्या दबलेल्या थराला ४ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागतो, सुटा मोजला तर पाचावर जातो. गाडीवाल्याशी बोलताना हा हिशेब डोक्यात असू द्या. त्यावर दगडाचं सोलिंग, सोलिंगवर मुरुमाची कच मारून घेऊन जाड प्लास्टिक, आणि मग ५ इंच काँक्रीट. ट्रॅक्टर आत आणणार असाल तर ६ इंच. ५ इंचांना साधारण पावणेदोन ब्रास माल बसतो. सिमेंट, वाळू, खडी एकास दीड, तीनचा माल, आणि मधोमध ८ एमएमची लोखंडी जाळी. जाळी जमिनीवर टेकलेली राहिली तर घातली न घातली सारखीच, तेव्हा खाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवले आहेत ना, हे ओतायच्या आधी वाकून स्वतः बघा.

४० फूट सलग ओतू देऊ नका. १० बाय १० चे चार तुकडे करा, एक-आड-एक ओता. तडा जायचाच असेल तर तो सांध्यातनं जाईल, मनमानी जाणार नाही.

उतार. घोटाभर पाणी साचणाऱ्या अंगणात तबेल्याची फरशी अंगणापेक्षा निदान नऊ इंच वर हवी. दारात पायरी करू नका, लांब उतरता रॅम्प करा, त्यालाही खरबरीत अंग. पॅसेज पुढच्या दाराकडनं मागच्या दाराकडं उतरता ठेवा: दर आठ फुटांना एक इंच, म्हणजे ४० फुटांत पाच इंच. घोड्याला तो जाणवत नाही, पाण्याला बरोबर कळतो. ठाणांची माती पॅसेजपेक्षा दीड-दोन इंच वर असावी, नाहीतर धुतलेलं पाणी आत शिरेल. आता गटार. पॅसेजच्या मधे जाळीचं गटार करायला काँट्रॅक्टर सांगेल, त्याला हात जोडा. जाळी एक दिवस वाकते आणि तिच्यात खूर जातो. त्याऐवजी एका कडेनं सहा इंच रुंद, मधे जेमतेम एक इंच खोल, परातीच्या तळासारखा पन्हळ काढायचा. त्यात खूर पडला तरी काही होत नाही आणि खराटा सरळ फिरतो. पाणी मागच्या दारानं उकिरड्याच्या खड्ड्यात जाऊ द्या. विहीर किंवा बोअर त्या बाजूला असेल तर खड्डा दुसरीकडं हलवा.

तुमच्या रानात २०१९ ला किंवा २०२१ ला पुराचं पाणी आलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आलं असेल तर फरशीची उंची जुन्या पाण्याच्या खुणेकडं बघून ठरवा. आणि फरशी कितीही वर असली तरी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की घोडी हलवायची तयारी करा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसू नका. गाळ बसलेली काँक्रीट फरशी पाइप मारून धुऊन निघते, ठाणांतली माती मात्र नवी भरावी लागेल. तेवढं धरूनच चाला.

आता खरबरीतपणा, जो सगळ्यात जास्त चुकतो. फार गुळगुळीत तर घोडं पडतं, फार खरबरीत तर खूर घासतात आणि तुमचा खराटा महिन्याला एक जातो. काँक्रीट लाकडी रंध्यानं सपाट केल्यावर वरचं पाणी जिरेपर्यंत थांबायचं. बोट दाबून बघा: पाव इंच रुतलं आणि पाणी वर आलं नाही, की वेळ झाली. मग माडाच्या हिरांचा नवा, कडक खराटा एका दमात ओढायचा, परत त्याच जागी फिरवायचा नाही. दिशा तिरकी ठेवा. आडव्या रेघा घोड्याला धरतात पण पाणी अडवतात; उभ्या रेघांतनं पाणी पळतं पण घोडंही पळतं. तिरक्या रेघांत दोन्ही साधतं. चप्पल घालून नव्हे, अनवाणी उभं राहून समाधान करून घ्या.

मुख्य काम काढायच्या आठवडाभर आधी गवंड्याकडनं शेडबाहेर दोन बाय दोन फुटांचा नमुना ओतून घ्या. सुकल्यावर त्यावर पाणी ओता, थोडी लीद चोळा. नालबंदाकडनं एक झिजलेला नाल मागून घ्या, फरशीवर ठेवा, त्यावर टाच रोवा आणि सगळं वजन टाकून पुढं सरकवा. सरकला तर रेघा कमी खोल आहेत. न सरकता करकरला की ठीक. मग त्याच तुकड्यावर चिपाडाचा भुस्सा आणि लीद टाकून तुमचा रोजचा खराटा मारा. दोन हातांत साफ झाला पाहिजे. ही दुसरी परीक्षा तुम्हीच घ्यायची आणि तुमचा निकाल शेवटचा, हे मिस्टरांच्या देखत गवंड्याला सांगून ठेवा.

काम दिवाळीनंतर काढा. मुरूम मात्र आताच भरून ठेवला आणि एक पावसाळा त्याला बसू दिला तर सोन्याहून पिवळं. ओतल्यावर दुसऱ्या दिवसापासून मातीची आळी करून दोन आठवडे पाणी धरा. ओली पोती टाकली तर ती दुपारी वाळू देऊ नका. तीन आठवडे जनावर आत नको, महिना थांबलात तर उत्तम. तोवर बाहेर बांधा, लग्नाची दाट तिथी बघून काम धरू नका, म्हणजे सासऱ्यांचीही कुरकुर नाही.

रोजच्या झाडण्याबद्दल दोन गोष्टी. झाडायच्या आधी हातानं पाण्याचा हलका शिडकावा करा, अंगण सारवायच्या आधी करतो तसा, धूळ बसते. रोज पाइप लावून धुऊ नका, आठवड्यातनं एकदा पुरे, आणि तेही घोडी बाहेर असताना. वासासाठी चुन्याची भुकटी टाकायची पद्धत आहे, ती सोडा. ओल्या खुराला आणि कातडीला चुना भाजतो. मूत पडलं तिथं लगेच मूठभर भुस्सा टाकून उचललात की वासाचं मूळच जातं. जून लागला की दोन्ही दारांच्या आतला तीन-तीन फुटांचा पट्टा बघत जा. पावसाचा मार तिथंच येतो, शेवाळ तिथंच धरतं. तारेच्या ब्रशनं आठ दिवसांनी घासलं की झालं. पत्र्याची पागोळी दारावर पडत असेल तर पन्हळ आजच लावून घ्या, फरशीच्या आधी.

पहिल्या दिवशी सगळी घोडी एकदम आत घेऊ नका. नवी फरशी पांढरट दिसते, वास वेगळा, टापांचा आवाज वेगळा. तरणं जनावर बिचकतं. जुन्या ठाणातली दोन घमेली माती पॅसेजभर पातळ विसकटा. सगळ्यात वयस्क, शांत घोडी आधी न्या, दार दोन्हीकडचं उघडं ठेवा, पोरांना लांब बसवा. लगाम सासऱ्यांच्या हातात द्या. ती थांबून फरशी हुंगू लागली तर हुंगू दे, ओढायचं नाही. ती पलीकडच्या दारातनं बाहेर गेली की बाकीची चारही तिच्या मागनं येतात. विसकटलेली माती दुसऱ्या दिवशी झाडून टाका.